फ्लॉरेन्समध्ये कोण कुठे झोपणार

आमच्या लोकांत एकट्याने प्रवास करता येत नाही. करता येतो, पण तो कुणाला सांगायचा नसतो. एकदा का 'मी इटलीला चाललोय' हे तोंडातून बाहेर पडलं, की ती सहल तुमची राहत नाही. 'अरे वा, मग आम्हीही येतो की' म्हणणारं एखादं जोडपं निघतंच. मग त्यांच्या राइस कुकरसाठी बॅगेत जागा करावी लागते, रविवारी पोहे खात मीटिंग होते आणि आपण काय बघणार, किती वाजता जेवणार, कुणाच्या शेजारी झोपणार हे दुसरंच कुणीतरी ठरवतं. एरवी मला या सगळ्याचं हसू येतं. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मात्र आलं नाही.

मला ज्याच्याबरोबर फ्लॉरेन्सला जायचं होतं, त्याला माझी आई माझा रूममेट समजत होती. तो माझा रूममेट नव्हता.

तो मला फ्लॉरेन्समध्येच भेटला होता. कंपनीच्या कामासाठी मी मिलानला गेलो होतो. काम संपल्यावर शनिवार-रविवार जोडून घेतला आणि ट्रेनने फ्लॉरेन्स गाठलं. ऑफिसात सांगितलं, म्युझियमं बघायची आहेत. बघितलीही. पण त्याआधी हॉटेलच्या खोलीत बसून मी फोनवर त्या शहरातले गे बार शोधले होते आणि शोधून झाल्यावर हिस्टरी पुसून टाकली होती, जसं काही इटलीत माझा फोन कुणी तपासणार होतं. कॅलिफोर्नियात मी राहतो त्या सनीव्हेलहून सॅन फ्रान्सिस्को तासाभरावर. तिथे असल्या बारना काय तोटा? पण मी एकदाही गेलो नव्हतो. आत शिरताना किंवा बाहेर पडताना कुणीतरी ओळखीचं भेटेल आणि 'अरे, तू इथे कुठे?' म्हणेल, या धास्तीने माझी पस्तिशी उलटली होती.

सांता क्रोचे चर्चच्या मागच्या एका बोळात तो बार होता. बंद लाकडी दार, बाजूला घंटा आणि तळहाताएवढा इंद्रधनुष्याचा स्टिकर. त्या दारावरून मी कितीदा तरी पुढे गेलो आणि मागे आलो. शेवटी आतून कुणीतरी बाहेर आलं, त्याने माझ्यासाठी दार धरून ठेवलं आणि आता नाही कसं म्हणायचं या भिडेखातर मी आत गेलो. माझ्या आयुष्यातले बरेच निर्णय असेच झालेत.

आत विटांच्या कमानीचं ठेंगणं छत होतं, संगीत मोठ्याने चालू होतं, कोपऱ्यात पाच-सहा पोरं नाचत होती. माझं लक्ष मात्र खांबाजवळच्या टेबलाकडे गेलं. साठी ओलांडलेले दोन इटालियन गृहस्थ तिथे बसले होते. कडक इस्त्रीचे शर्ट, चष्मे. एक बोलत होता आणि दुसरा, ही गोष्ट शंभरदा ऐकल्याच्या चेहऱ्याने, भिंतीकडे बघत होता. संसार जुना झालेल्या नवरा-बायकोत असतो ना, अगदी तसला कंटाळा. तो बघून मला रडूच यायचं बाकी राहिलं. दोन पुरुष एकमेकांना कंटाळेपर्यंत एकत्र राहू शकतात, हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

त्या नादात माझा ग्लास लवंडला. 'अरे देवा,' मी म्हणालो.

"टिश्यू पाहिजे का?" पलीकडच्या स्टुलावरून कुणीतरी मराठीत विचारलं.

माझा पहिला विचार: पळ. गाठलंच शेवटी यांनी. पण तो माझ्याइतकाच दचकला होता आणि मग हसत सुटला. मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये वाढलेला, आई नागपूरची, वडील गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. आईवडिलांना त्याने कॉलेजात असतानाच सगळं सांगून टाकलं होतं. आता कुठे असतोस, मी विचारलं, तर म्हणाला, सॅन होजेत, शाळेत मुलांना बँड शिकवतो. आमच्या घरांमध्ये फ्रीवेचे मोजून दोन एक्झिट होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, मी म्हणालो, आणि मग त्याला ती म्हण समजावून सांगण्यात तास गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका पायी फिरवणाऱ्या टूरला गेलो. गाइड बाई त्या शहराचा आमच्यासारख्यांचा इतिहास सांगत होती. जुन्या काळी इथे पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांना पकडायला खास अधिकारी नेमलेले होते, त्यांचं नावच 'रात्रीचे अधिकारी'. चर्चांमधून पेट्या ठेवलेल्या असत. कुणीही यावं, कुणाचंही नाव चिठ्ठीवर लिहून आत टाकावं, खाली सही करायची गरज नाही. तो तिला उत्साहाने प्रश्न विचारत होता. मला त्या उन्हात थंडी वाजली. "आमच्याकडे पेटी नाही," मी त्याला हळूच म्हणालो, "व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे." त्या संध्याकाळी नदीवरच्या पुलावर, तुडुंब गर्दीत, त्याने माझा हात धरला. मी आधी मागे वळून बघितलं आणि मग त्याचा हात घट्ट धरला.

नंतर तो सनीव्हेलला माझ्याकडे राहायला आला. दोन बेडरूमचं अपार्टमेंट. एका खोलीत आम्ही, दुसरीत त्याची ट्रम्पेटं आणि कीबोर्ड. पुन्हा फ्लॉरेन्सला जायचं, त्याच बारमध्ये, त्याच स्टुलांवर बसायचं, हे आम्ही घोकत होतो. तिकिटं काढली आणि त्यानंतर आठवड्याभरात पुण्याहून आईचा फोन आला की तिचा अमेरिकेचा व्हिसा झाला, ती येतेय, सहा महिने राहणार.

ट्रम्पेटांची खोली आईला द्यायची हे उघड होतं. प्रश्न त्याचा होता. मी इंजिनिअर माणूस, सगळ्या शक्यतांचा विचार केला. माझ्या खोलीत दोन उशा दिसता कामा नयेत. कपाटात दोन मापांचे शर्ट दिसता कामा नयेत. म्हणून मी त्याला हॉलमधल्या सोफ्यावर हलवलं आणि आईला सांगितलं की त्याने मोठ्या मनाने स्वतःची खोली तुला दिलीय. "किती गुणी मुलगा आहे," आई म्हणाली. सोफा आखूड होता, तो उंच. पाय एक तर सोफ्याच्या हातावरून बाहेर काढायचे, नाही तर पोटाशी घ्यायचे. पहिल्या आठवड्यात तो याच्यावर विनोद करायचा. नंतर विनोद थांबले.

आईला तो फार आवडला. तो तिला मावशी म्हणायचा, शाळेतून आला की तिच्याशेजारी उभा राहून फोडणी शिकायचा, मोडक्या मराठीत नोव्हायच्या बर्फाच्या गोष्टी सांगायचा. मी मात्र तिच्यासमोर त्याच्याशी कामापुरतं बोलत होतो. चुकून हात खांद्यावर पडेल म्हणून लांब बसत होतो. एकदा जेवताना आई त्याला म्हणाली, डॅलसला एक छान मुलगी आहे, बघायची का? तो म्हणाला, "मावशी, आय अ‍ॅम टेकन." "हो? कोण रे ती?" आईने विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी वॉशिंग मशीन थांबलं का ते बघायला उठलो.

इटलीची बातमी आईनेच फोडली. क्युपर्टिनोला एक काका-काकू राहतात, आमच्या जुन्या ओळखीचे. काका चिप कंपनीतून रिटायर झालेले, आणि रिटायर झाल्यापासून जगाच्या सहली आखण्याचं व्रत घेतलेले. आई काकूंना म्हणाली, पोरं इटलीला चाललीत. संध्याकाळपर्यंत फोनवर 'चलो इटली' नावाचा ग्रुप उघडलेला होता, आणि त्यात आईही होती.

माझी सगळी भिस्त व्हिसावर. आईला इथून युरोपचा व्हिसा मिळणार नाही, म्हणजे ती येणार नाही, म्हणजे तिला सोबत म्हणून काका-काकूही थांबतील. पण आदल्या वर्षी ती पुण्याहून बायकांच्या युरोप टूरला गेली होती, आणि तो व्हिसा अजून जिवंत होता. "फ्लॉरेन्स मी बसमधून पाहिलंय," ती म्हणाली. "उतरवलं काय, चढवलं काय. आता नीट बघते." मी हसलो. माझं हसणं त्याने सोफ्यावरून बघितलं.

त्या शुक्रवारी मी त्याला शाळेतून घ्यायला गेलो होतो. येताना कॅलट्रेनचं फाटक पडलं, आम्ही थांबलो. लाल दिवा लागत-विझत होता, घंटा वाजत होती. तो समोर बघत म्हणाला,

"इथे मी तुझा रूममेट आहे. ओके. पण फ्लॉरेन्समध्ये नाही, यार. नॉट देअर."

"मी काहीतरी करतो," मी म्हणालो.

"रविवारी काका राहायची जागा बुक करणार. त्याच्याआधी सांग मावशींना. नाही सांगितलंस तर मी समर ब्रेकला नोव्हायला जातो. आणि परत आल्यावर दुसरी जागा बघतो." मग जरा वेळाने, "मी रागावलो नाहीये. टायर्ड आहे. माझी पाठ दुखते रे."

तो रागावला असता तर मला भांडता आलं असतं. त्याची पाठ दुखते यावर मी काय बोलणार? ट्रेन गेली, फाटक वर झालं, मागच्या गाडीने हॉर्न दिला.

शनिवारी मी आईला दोनदा 'जरा बोलायचंय' म्हणालो आणि दोन्ही वेळा हवामानाबद्दल बोललो. रविवारी सकाळी ती पोह्यांसाठी कांदा चिरत होती. तो बाहेर फिरायला गेला होता, मुद्दामच. यापेक्षा चांगली वेळ मिळाली नसती.

"आई," मी म्हणालो, "एक सांगायचं होतं."

ती थांबली. सुरी हातात तशीच. माझ्याकडे बघत राहिली. मला ओट्यावरची लिंबं दिसली.

"लिंबं कापू का?"

"काप," ती म्हणाली आणि पुन्हा कांद्याकडे वळली.

मी लिंबं कापली. दोन लिंबांच्या जागी सहा कापली. तेवढ्यात बेल वाजली.

काकांनी आल्या आल्या लॅपटॉप टीव्हीला जोडला. पोह्यांच्या बशा फिरल्या. तोही फिरून आला आणि माझ्यापासून सर्वांत लांबच्या खुर्चीवर बसला. माझ्याकडे एकदा बघितलं. मी मान हलवली नाही, डोळे खाली केले. त्याला कळलं. त्याने शांतपणे पोह्यांवर खोबरं घातलं.

काकांनी एकेक दिवस टीव्हीवर दाखवायला सुरुवात केली. सकाळी चर्च, दुपारी चर्च, मध्ये घरून नेलेले ठेपले.

"आणि रात्री?" त्याने विचारलं.

"रात्री कसलं काय? सातला वरणभात खायचा, नऊला आडवं व्हायचं," काका म्हणाले. "रात्री काय असतं तिथे?"

"बरंच असतं, काका," तो म्हणाला. माझ्या घशात पोहे अडकले. काकूंनी मला पाणी दिलं.

मग तो विषय आला ज्याच्यावर आमच्या सहलींत भल्याभल्यांची मैत्री तुटते. कोण कुठे झोपणार. काकांनी नदीपलीकडचं एक अपार्टमेंट निवडलं होतं: दोन बेडरूम, हॉलमध्ये सोफा. "आम्ही दोघं एका खोलीत," काका म्हणाले. "दुसऱ्या खोलीत वहिनी. आणि ही पोरं—"

"मला परक्या जागी एकटीला झोप लागत नाही," आई म्हणाली. ती बशीतले शेंगदाणे वेचून बाजूला काढत होती. "हा झोपेल माझ्या खोलीत. आणि तो झोपेल की हॉलमध्ये सोफ्यावर. त्याला आता सवय झालीय."

हे बोलताना तिने शेंगदाण्यांवरून नजर उचलली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याचकडे. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

"शुअर, मावशी," तो म्हणाला. अगदी मऊ आवाजात. बशी घेऊन उठला, स्वयंपाकघरात गेला, नळ सोडला. एका बशीला लागतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ नळ वाहत होता. मला त्याची पाठ दिसत होती. त्याने मनातल्या मनात बॅग भरायला घेतलीय हे मला त्या पाठीवरून स्पष्ट दिसत होतं. ट्रम्पेटं कुठल्या खोक्यात, शर्ट कुठल्या. तो गेला असता. आरडाओरडा न करता, आईच्या पाया पडून गेला असता, आणि मी विमानतळावर सोडायला गेलो असतो, रूममेटसारखा.

"मग दाबू ना बुक?" काकांनी विचारलं.

"काका, थांबा."

"का रे? लोकेशन मस्त आहे."

"तो सोफ्यावर झोपणार नाही."

"मग कुठे झोपेल?"

"माझ्याजवळ." मी म्हणालो. "आम्ही रूममेट नाही. आम्ही एकत्र आहोत. नवरा-बायको असतात तसे. आई, मी तुला आधीच सांगायला हवं होतं."

नळ बंद झाला.

टीव्हीवर ते अपार्टमेंट तसंच होतं, सोफ्यावर कुणीतरी छान निळी उशी ठेवली होती. सगळे त्या उशीकडे बघत बसलो. काकूंचा चमचा बशीवर टेकला तो आवाज केवढा वाटला. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बिचाऱ्याच्या डोक्यात एकच गोष्ट अर्धवट राहिली होती.

"म्हणजे मग डबल बेड," ते म्हणाले.

"अहो, गप्प बसा," काकू म्हणाल्या.

ते लगेच निघाले. लॅपटॉपची वायर टीव्हीलाच राहिली. दारात बूट घालताना काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ग्रुपवर काही जाणार नाही. यांचा फोन मी ठेवते माझ्याकडे." त्यांना मनातून काय वाटत होतं ते मला अजून माहीत नाही. त्या वाक्यासाठी मात्र मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

दार लागलं. आई ओटा पुसत होती. आधीच पुसलेला ओटा. तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होता, ओल्या हातांनी.

"आई, काहीतरी बोल," मी म्हणालो. "रागाव, पण बोल."

"मला पहिल्याच आठवड्यात कळलं," ती म्हणाली.

"कसं?"

"कसं म्हणजे? पुण्याला तुझे कॉलेजचे मित्र यायचे. एका गादीवर चौघं आडवेतिडवे पडायचात, एकाचे पाय दुसऱ्याच्या तोंडाशी. तेव्हा तुला कधी कुणाला वेगळं झोपवायचं सुचलं नाही. आपल्याकडे दोन पोरं एका खोलीत झोपली तर कुत्रं तरी विचारतं का? आणि इथे एवढी मोठी तुझी खोली, एवढा मोठा पलंग, आणि मित्र बाहेर? नुसता मित्र असता तर आत झोपवला असतास."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. सगळ्या शक्यता तपासल्या होत्या मी. आपण कोण आहोत, कुठल्या घरातले आहोत, तेवढं विसरलो होतो.

"मग आज परत सोफा का म्हणालीस?"

"बघत होते," ती म्हणाली, "अजून किती दिवस झोपवतोस त्याला तिथे." तिने फडकं पिळलं. "मी रोज पहाटे चहाला उठते. हा पाय पोटाशी घेऊन झोपलेला असतो. पांघरूण खाली पडलेलं. मी त्याच्यावर घालते. त्या बाकीच्याचं मला काही समजत नाही. मला ते आवडलंय असंही समजू नकोस. मला वेळ लागेल, कदाचित सगळा जन्म लागेल. पण हे मला समजतं. आपल्या माणसाला कुणी बाहेर झोपवतं का रे? मी वाढवलेल्या पोराने? रोज पहाटे मला तुझी लाज वाटायची."

तिने हात पदराला पुसले, हॉलमध्ये गेली, सोफ्यावरची चादर उचलली आणि घडी घालायला लागली. "मी येत नाही फ्लॉरेन्सला," ती घडीकडे बघत म्हणाली. "बसमधून पाहिलं तेवढं पुरे. तुम्ही जाऊन या. रात्री काय असतं ते आल्यावर सांगा." आणि जरा थांबून, "सगळं नको."

तो हसला. हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला आणि त्याने तो बाहीने पुसला. मग आईच्या हातात चादर आणि सोफ्यावर राहिलेली उशी बघून तो पुढे धावला.

"मावशी, मी नेतो."

"तू नको," आई म्हणाली. तिने उशी माझ्यापुढे धरली. "याला नेऊ दे आत."